गच्चीवरच्या बागेच्या नावाखाली १०,७५० रुपयांची टोपी

फाल्गुन लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रेडी किचन गार्डन'वाले उगवतात. आमच्याकडे आलेल्याने भरलेल्या २० ग्रो बॅगांचे ६,४०० घेतले, रोझमेरी-थाइम-पुदिन्याच्या रोपांचे १,८५० आणि ठिबकचा ॲडव्हान्स २,५००. ठिबक अजून येतंय!

आठवड्यात रोझमेरी काळी पडली. उपटली तर मूळच नाही. तिरकी छाटलेली काडी नुसती मातीत खोचलेली. बॅग उलटी केली, तर वर दोन बोटं गांडूळखत आणि खाली भट्टीची राख, विटांचा चुरा. खरं गांडूळखत चहापुडीसारखं दाणेदार असतं हे मला माहीत आहे, वरची मूठ मी चोळून पाहिलीही होती. तळापर्यंत कोण उपसतं?

पण संशय यायला हवा होता तो पैसे देताना. क्यूआर स्कॅन केला, नाव आलं भलत्याच बाईचं. "वहिनींचं खातं आहे काका, माझं लिमिट संपलंय." लिफ्ट बंद, पोरगा घामाघूम होऊन बॅगा वर चढवतोय, त्याची काय उलटतपासणी घेणार? वर लेट्यूसचं बी देत म्हणाला, "एप्रिलमध्ये सॅलड खाल." पुण्याच्या एप्रिलात लेट्यूस तुऱ्यावर येऊन कडू होतो, हे मी त्याला तोंडावर म्हटलं. "हायब्रीड आहे" म्हणे. उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी लावा, बाकीच्या थापा.

चौकीत गेलो. "माल मिळालाय ना? मग हे दिवाणी प्रकरण." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. कृषी खात्यात बियाण्याचं बिल मागितलं. बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? साहेब जेवायला, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. एक हवालदार तर हसत म्हणाला, "काका, दहा हजारांची कोथिंबीर?" अर्ज घेतला, पोच मात्र दिली नाही. आमच्या करातून पगार!

बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख नसेल तर हात लावू नका. रोप पिशवीतून काढून मुळं बघा, विकणारा तोंड वाकडं करेल, करू द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे मला एकाही कार्यालयात कुणी सांगितलं नाही.

त्याचा नंबर अजून चालू आहे. आजचं स्टेटस: कुंडीतला हापूस, पहिल्याच वर्षी फळ, १,२०० रुपये.