पॉवर स्टीअरिंगचं लीक, 38 हजारांचं एस्टिमेट आणि उद्यमनगरातला एक मिस्त्री

रिव्ह्यू गॅरेजचाच आहे पण आधी गळतीचं प्रकरण सांगतो, नाहीतर मिस्त्रीनं नेमकं काय केलं ते कळणार नाही. माझ्याकडं 2011 ची डिझेल सात सीटर आहे, रनिंग दोन लाखाच्या वर, स्टीअरिंग हायड्रॉलिक. म्हणजे बेल्टवर फिरणारा पंप, ऑईलचा छोटा डबा, पंपातून खाली रॅककडं (म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) जाणारी प्रेशरची पाइप आणि रॅकमधून परत डब्यात येणारी रिटर्नची पाइप. आजकालच्या बहुतेक कारना इलेक्ट्रिक स्टीअरिंग येतं, त्यात ऑईलच नसतं, त्या लोकांनी उगाच खाली वाकून बघू नये.

सुरुवात आवाजानं झाली. पार्किंगमधून काढताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की घूंऽऽ असा आवाज, मग फरशीवर लाल थेंब, आणि पाऊस संपताना रत्नागिरीला निघालो तर आंबा घाटात वळणावळणावर स्टीअरिंग जड. डबा बघितला तर ऑईल मिनच्या खाली आणि वर फेस. ऑईल कमी झालं की पंप हवा ओढतो, हवेचा फेस होतो आणि तोच तो आवाज. साखरप्यात एक जण ब्रेक ऑईलची बाटली घेऊन ओतायलाच निघाला होता, "तेवढ्यापुरतं चालतंय" म्हणत, त्याला हात जोडले. ब्रेक ऑईलनं या सिस्टीमची रबरी सीलं फुगून खराब होतात, एका पाइपचं काम असेल तर पंप, रॅक सगळंच कामाला लागायचं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) चालतं, काही परदेशी गाड्यांना हिरवं लागतं, डब्याच्या झाकणावर नाहीतर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते बघूनच टाकायचं. योग्य ऑईल मिळवून हळूहळू घरी आलो.

मग पहिल्यांदा एका मोठ्या वर्कशॉपला नेली, नाव घेत नाही. एसी वेटिंग रूम, कॉफी, टॅबवर सही, सगळं झकास. गाडी लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च मारला, रॅक ओला दिसला आणि अ‍ॅडव्हायझर म्हणाला सर रॅक गेलाय, असेंब्लीच बदलावी लागेल, 38 हजार आणि वर अलाइनमेंट. मी विचारलं नेमकं कुठनं गळतंय, तर म्हणे "सर रॅक लीकेज आहे ना." तेच तेच. खालचा सगळा भाग जुन्या ऑईल-धुळीनं काळा माखलेला आणि त्यात हा माणूस लांबून टॉर्च मारून 38 हजार सांगतोय! ऑईल वरून कुठूनही गळलं तरी ओघळत ओघळत खाली रॅकवरच येऊन बसणार, चालत्या गाडीत वाऱ्यानं अजून मागं पसरणार. खाली ओलं आहे म्हणजे खालीच फुटलंय असं थोडंच असतं.

मावसभावाच्या टेम्पोचं काम ज्याच्याकडं होतं त्याचा पत्ता मिळाला, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या वर्कशॉपांच्या ओळीत. नावाचं म्हणाल तर मिस्त्रीच म्हणाले की टाकू नका, आहेत त्याच गाड्या लावायला जागा नाही. स्टीअरिंगची कामं करणारे तिथं कुणालाही विचारलं तर दाखवतील, दारात निळा पत्रा आणि आत एकच खड्डा.

एस्टिमेट सांगा म्हणालो तर मिस्त्री म्हणाले, "सायेब, आधी बघू तर द्या, न बघता काय सांगू." मला इथंच माणूस पटला. पोरानं डिझेल आणि ब्रशनं खालचा सगळा भाग धुतला, कंप्रेसरची हवा मारून कोरडा केला. मग मिस्त्रींनी रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटांच्या क्लिपा सोडल्या, बूट मागं सारला, बोट आत घातलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. कोरडं. नुसतं ग्रीस. दुसरीकडं पण तेच. "बुटात ऑईल भरलं असतं तर रॅकचं सील गेलं म्हटलं असतं. याच्या रॅकला काय धाड भरलीय?" 

मग पाइपांच्या जोडांवर चक्क टाल्कम पावडर मारली, हो तीच अंगाला लावायची, डबा तिथं खिळ्याला टांगलेलाच असतो. इंजिन चालू करून पोराला स्टीअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवायला लावलं, टोकाला दोन-तीन सेकंदांच्या वर धरायचं नाही असं दटावून, कारण तिथं प्रेशर हजार पीएसआयच्या वर जातं आणि धरून ठेवलं तर पंप तापतो. मला खड्ड्यात उतरवलं होतं. प्रेशरच्या पाइपचं रबर जिथं लोखंडी टोपीत दाबलेलं असतं तिथं पांढऱ्या पावडरीत एक लाल रेघ उमटली, स्टीअरिंग टोकाला गेलं की लांब व्हायची, सरळ केलं की थांबायची. 38 हजारांचा रॅक तो हाच.

आता पर्याय पण नीट समजावून दिले. एक, त्याच जोडावर जेसीबीच्या पाइपा भरून देणाऱ्याकडनं नवा हायड्रॉलिक होज दाबून घ्यायचा, हजाराच्या आत काम. पण तो होज कडक असतो, ओरिजिनल पाइप थोडी फुगून पंपाचे धक्के खाते, तशी ही खात नाही, त्यामुळं स्टीअरिंगला गुणगुण राहू शकते. दोन, ओरिजिनल पाइप, 4,200 ला. मी दुसरी घेतली. गळती थांबवायची म्हणून मिळते ती स्टॉप-लीकची बाटली टाकून बघू का असं मीच विचारलं तर म्हणाले, त्यानं सील फुगून थोडे दिवस थांबेल, फाटलेल्या पाइपला काय करणार ते.

पाइप बसवल्यावर जुनं काळं पडलेलं ऑईल रिटर्नच्या पाइपनं काढून टाकलं, नवं भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग इकडं-तिकडं फिरवत राहिले, डब्यात बुडबुडे येत होते तोवर, मग इंजिन चालू करून पुन्हा. बरेच लोक हे करत नाहीत, भरलं ऑईल आणि दिली चावी, मग गिऱ्हाईक आवाज येतो म्हणून परत. पाइप, ऑईल, मजुरी सगळं मिळून 6,500. अलाइनमेंटचं विचारलं तर "टाय रॉडला हात लावला न्हाई, अलाइनमेंट कशाला?" टाय रॉड म्हणजे रॅकपासून चाकाकडं जाणारा दांडा.

आता वाईट पण लिहितो. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीच उचलत. संध्याकाळी देतो म्हणाले आणि गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी, पाइप कुणीतरी आणून देणार होतं ते आलंच नाही. बसायला एक टायर. बिल हातानं लिहिलेलं, पक्कं बिल हवं असेल तर पार्टचं दुकानातनं वेगळं मागून घ्या, मी घेतलं. जुनी पाइप मात्र न मागता डिकीत ठेवलेली होती. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या फोनसाठी कापला.

घरी गाडी लावल्यावर खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, कोरडा आहे. डब्यातली लेव्हल इंजिन गार असताना कोल्डच्या खुणेवर आणि तापल्यावर हॉटच्या खुणेवर बघायची, दोन्हीकडं वेगळी येते, त्यात घाबरू नका. आणि जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर त्या बोळात टेम्पो लागले की गाडी वळवायला सुद्धा जागा मिळत नाही.