शिकागोचे फुकट मराठी शब्दकोश : 'आपत्ती' शोधली तर काय हाती लागतं?

शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संकेतस्थळावर मोल्सवर्थ, वझे, दाते, बर्नसन आणि जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस असे कोश फुकट चाळता येतात. कोशाचा कस पाहायचा तर रोजच्या तोंडातला, पण निसरड्या अर्थाचा शब्द घ्यावा. 'आपत्ती' त्यासाठी नामी आहे.

पहिली ठेच लेखनाची. मोल्सवर्थची इथली आवृत्ती १८५७ ची, आणि शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ काढायचा नियम १९६२ चा. त्यामुळे 'आपत्ती' नव्हे, 'आपत्ति' टाइप करा. विपत्ति, वस्तु, शत्रु यांचंही तेच. शब्द सापडत नाही म्हणून कोशाला नावं ठेवणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडलेली असते.

मोल्सवर्थमध्ये शब्दापुढच्या कंसातलं रोमन अक्षर नजरेआड करू नका. 'एस' म्हणजे संस्कृत, 'ए' अरबी, 'पी' फारसी. आफत आणि आपत्ती सख्ख्या बहिणी वाटतात. पण आफत अरबीतून आली, आपत्ती संस्कृत 'आ + पद्' मधून. मूळ अर्थ 'येऊन पडणं'. हा धागा धरला की 'इष्टापत्ती' उलगडते: येऊन पडलं ते हवंसंच निघालं. मात्र ती 'आ'मध्ये सापडायची नाही, 'इ'मध्ये पाहा. असे सामासिक शब्द हुडकायला फक्त शीर्षशब्दांत न शोधता पूर्ण नोंदींत शोधावं.

अर्थच्छटांसाठी दात्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सर्वांत भरवशाचा. अर्थ मराठीतच, लिंग दिलेलं आणि जुन्या ग्रंथांतली उदाहरणं सोबत. लिहिणाऱ्याला खरी गरज असते जोडीच्या क्रियापदाची: आपत्ती ओढवते, संकट कोसळतं, अनर्थ घडतो, गंडांतर टळतं. 'गंडांतर कोसळलं' कानाला खटकतं, कारण तो मूळचा ज्योतिषातला नक्षत्रसंधीचा शब्द. आश्लेषा-मघा ही त्यातलीच एक जोडी. संधिकाळ टळतो, कोसळत नाही. शब्द आणि क्रियापदाची अशी जोडी कोश आयती काढून देत नाही, उदाहरणांतून वेचावी लागते. पण वेचण्याजोगं तिथे भरपूर आहे.

उणीव एकच, पण मोठी. हे सगळे कोश २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाआधीचे. बाधित भागातल्या लोकांच्या आवाक्याबाहेरची हानी, हा आपत्तीचा आजचा कायदेशीर अर्थ त्यांत कुठून असणार? त्यासाठी अधिनियमाची व्याख्याच उघडावी. हिंदीत त्याच कायद्याला 'आपदा प्रबंधन' म्हणतात; तिथे 'आपत्ति' म्हणजे बहुधा हरकत. 'या ठरावाला आमची आपत्ती आहे' असं मराठीत छापलेलं दिसलं की भाषांतर हिंदीवरून झालंय हे ओळखावं. 'आपातकालीन' ही तशीच उसनवारी. 'आपद्' पुढे 'काल' आला की द् चा त् होतो, म्हणून आपत्कालीन. 'धर्म' आला तर द् तसाच राहतो, म्हणून आपद्धर्म.

भाषांतरकार, मुद्रितशोधक आणि बातमीदारांनी दाते आणि मोल्सवर्थ दोन्ही शेजारी-शेजारी उघडे ठेवावेत. मराठी नव्यानं शिकणाऱ्यानं बर्नसनपासून सुरुवात करावी.