‘राजवाडा आज बंद आहे’: बँकॉकमधील फसवणुकीचा अनुभव

लग्नानंतर नवव्या दिवशी आम्ही बँकॉकला पोहोचलो आणि दहाव्या दिवशी माझ्या पतींच्या क्रेडिट कार्डावरून ३८,००० बाथ एका दागिन्यांच्या दुकानात गेले. कोणी खिसा कापला नाही, धाक दाखवला नाही. वातानुकूलित दालनात, हातात गार पाण्याचा पेला घेऊन, पावतीवर सही करून आम्हीच ते दिले. विशेष म्हणजे या फसवणुकीविषयी आम्ही निघण्यापूर्वी वाचलेले होते. तरीही ती ओळखता आली नाही, याचे कारण वाचलेल्या इशाऱ्यातला ठग मनात लबाड चेहऱ्याचा असतो आणि आम्हाला भेटलेला गृहस्थ एखाद्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकासारखा दिसत होता. म्हणून घडले ते क्रमाने लिहिते.

पहिला दिवस निर्विघ्न गेला. ता तियनच्या धक्क्यावरून होडीने चाओ फ्राया नदी ओलांडून आम्ही वाट अरुण हे मंदिर पाहिले, संध्याकाळी नदीकाठी बसलो आणि परका देश किती सोपा आहे असे एकमेकांना सांगत हॉटेलवर परतलो.

दुसऱ्या दिवशी राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, पाहायचा होता. २०१९ साली सुरू झालेल्या सनाम चाय या भूमिगत स्थानकावर उतरून आम्ही राजवाड्याच्या पांढऱ्या तटबंदीच्या कडेने चालू लागलो. तेव्हा पावणेदहा झाले असतील. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही तटबंदी सुमारे १,९०० मीटर लांबीची आहे, तिला अनेक दरवाजे आहेत आणि पर्यटकांना आत सोडणारा दरवाजा उत्तरेकडच्या बाजूला आहे. स्थानक दक्षिणेला असल्याने चालत येणाऱ्याला वाटेत जे दरवाजे दिसतात, ते खरोखरच बंद असतात. अशाच एका बंद दरवाजापाशी तो गृहस्थ उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात घडी घातलेले वर्तमानपत्र. त्याचे लक्ष प्रथम माझ्या हातांवरच्या मेंदीकडे गेले. ‘नवीन लग्न?’ असे विचारून त्याने हात जोडून आमचे अभिनंदन केले आणि मग दिलगिरीच्या सुरात सांगितले की आज बौद्धांचा पवित्र दिवस असल्यामुळे सकाळी फक्त स्थानिकांना प्रवेश आहे, परदेशी पाहुण्यांसाठी राजवाडा दुपारी दीडनंतर उघडेल.

त्याने आमच्याकडे काही मागितले नाही. उन्हात उभे राहू नका, म्हणाला. आमचाच नकाशा घेऊन त्याने त्यावर उंच उभ्या बुद्धमूर्तीचे मंदिर, आणखी एक लहान मंदिर आणि एक ‘निर्यात केंद्र’ अशा तीन जागांवर खुणा केल्या, आणि टुकटुकवाले, म्हणजे तिथले रिक्षावाले, परदेशी माणसाला लुबाडतात, तेव्हा ४० बाथांपेक्षा एकही जास्त देऊ नका, असे बजावले. ठगांपासून आम्हाला सावध करणारा माणूसच ठग असेल, ही शंका आमच्या मनाला शिवली नाही. तेवढ्यात एक टुकटुक थांबले, त्याने थाई भाषेत चालकाशी थोडी घासाघीस केल्यासारखे केले आणि आम्हाला बसवून दिले. बँकॉकमध्ये टॅक्सीचे मीटरच ३५ बाथांपासून सुरू होते. दोन तास फिरवण्याचे ४० बाथ घेणाऱ्या माणसाला त्याचे पैसे दुसरीकडून मिळत असणार, हा हिशेब शाळकरी मुलानेही केला असता.

वाट इंथराविहान येथील उभी बुद्धमूर्ती ३२ मीटर उंचीची, सोनेरी आणि खरोखर पाहण्यासारखी आहे. तिथे गर्दी नव्हती. आवारात एक तरुण चपला काढून शांत बसला होता. तो आमच्याकडे आला नाही, आमचे छायाचित्र काढशील का असे विचारायला माझे पतीच त्याच्याकडे गेले. बोलता बोलता त्याने आपण बँकेत नोकरीला असल्याचे सांगितले. आज आम्ही कुठे कुठे जाणार हे विचारून घेतल्यावर तो म्हणाला की तुम्ही नशीबवान आहात, त्या निर्यात केंद्रात करमुक्त विक्रीचा आज शेवटचा दिवस आहे, बहिणीच्या लग्नाच्या वेळी मी स्वतः तेथून माणके घेतली होती आणि परदेशात त्यांची दुप्पट किंमत येते.

या क्षणी आम्ही खऱ्या अर्थाने फसलो, दुकानात नव्हे. दोन अनोळखी माणसांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट सांगितली, म्हणून ती खरी मानली. पण पहिल्याने आम्हाला ज्या वाहनात बसवले, त्याच वाहनाने आम्हाला दुसऱ्याच्या समोर आणून सोडले होते, म्हणजे ते दोन साक्षीदार नव्हते, एकाच साखळीच्या दोन कड्या होत्या. फसवणूक करणाऱ्यांनी दुसऱ्या माणसाला आमच्याकडे पाठवले असते, तर आम्ही कदाचित बिचकलो असतो. त्याला नुसते बसवून ठेवण्यात त्यांची हुशारी होती.

दुकानाच्या दारावर ‘निर्यात’ आणि ‘केंद्र’ हे शब्द मोठ्या अक्षरांत होते आणि आत राजाचे मोठे चित्र होते. थायलंडमध्ये राजाचे चित्र कोणत्याही दुकानात किंवा उपाहारगृहात असू शकते, हे आम्हाला नंतर दिसले. त्या क्षणी मात्र ती जागा सरकारी वाटली. चालकाने प्रामाणिकपणे सांगितले होते की तुम्ही दहा मिनिटे आत बसलात तरी मला इंधनाचे कूपन मिळते, आणि त्या प्रामाणिकपणाचाही आमच्यावर चांगलाच परिणाम झाला होता.

आत गेल्यावर आम्हा दोघांना दोन वेगळ्या टेबलांशी बसवण्यात आले. हे वाचणाऱ्या प्रत्येक नवविवाहित जोडप्याने ध्यानात ठेवावे असे तपशील येथून पुढचे आहेत. माझ्यासमोरच्या विक्रेतीने हळू आवाजात मला सांगितले की साहेबांना तुम्हाला काहीतरी खास द्यायचे आहे, त्यांचा विरस करू नका. त्याच वेळी पलीकडच्या टेबलावर माझ्या पतींना सांगितले जात होते की बाईसाहेबांची नजर त्या माणकांच्या संचावरून हटत नाही, पण त्या संकोचाने बोलत नाहीत. एक पदक आणि कर्णफुलांची जोडी, त्यात मिळून अकरा माणके. मला तो संच आवडला नव्हता. रंग भडक होता आणि घडण जाड होती. पण लग्नाला दहाच दिवस झालेले असताना नवऱ्याने डोळ्यांत कौतुक घेऊन समोर धरलेल्या वस्तूला ‘नको’ कसे म्हणायचे, हे मला कळले नाही. त्यांनाही ती किंमत जड वाटत होती आणि नव्या बायकोसमोर पैशांचा हिशेब कसा काढायचा, हे त्यांना कळले नाही. ५२,००० बाथांपासून सुरू झालेला भाव ३८,००० वर आला तेव्हा आम्ही दोघेही एकमेकांच्या आनंदासाठी हसत होतो.

शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळाले. हा संच आम्ही विम्यासह टपालाने तुमच्या घरी पाठवतो, म्हणजे विमानतळावर कटकट नको, असा विक्रेतीने फार आग्रह धरला. या आग्रहामागचा हेतू उघड आहे: वस्तू हातात नसली की त्या शहरात ती कोणाला दाखवता येत नाही आणि शंका येईपर्यंत माणूस आपल्या देशात पोहोचलेला असतो. मला तेव्हा हे सुचले नव्हते. एवढा खर्च केलाच आहे तर संध्याकाळी जेवताना तो घातलेला यांना दिसावा, इतक्याच विचाराने मी संच हातोहात मागून घेतला. पुढे जी काही रक्कम परत मिळाली, ती या एका हट्टामुळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही पुन्हा राजवाड्याशी गेलो, पण या वेळी वाटेत न थांबता थेट उत्तरेच्या दरवाजापर्यंत. तेथे ध्वनिक्षेपकावरून सूचना चालू होती की राजवाडा रोज उघडा असतो, बाहेर कोणी तो बंद असल्याचे सांगितल्यास विश्वास ठेवू नका. जवळच अनोळखी धूर्त लोकांपासून सावध राहण्याचा फलकही होता. आम्ही दोघांनी तो वाचला आणि कोणीच काही बोलले नाही. प्रत्येकी ५०० बाथांची तिकिटे काढून आत गेलो. राजवाड्याच्या आवारातल्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये रामकथेची, म्हणजे तेथील रामकियेनची १७८ भित्तिचित्रे आहेत. मी ती पाहण्यासाठी महिनाभर आधीपासून उत्सुक होते, पण त्या सकाळी एकही चित्र धड पाहिले नाही. गाभाऱ्यातली ६६ सेंटिमीटरची प्रसिद्ध मूर्ती ‘पाचूचा बुद्ध’ म्हणून ओळखली जाते, परंतु ती पाचूची नसून दुसऱ्याच एका हिरव्या दगडाची आहे आणि ही गोष्ट तेथे कोणी लपवत नाही. रत्नांविषयीचा तेवढा खरेपणा आम्हाला त्या शहरात आदल्या दिवशी मिळाला असता, तर बरे झाले असते.

बाहेर सावलीत बसल्यावर माझे पती म्हणाले, “तुला आवडला होता म्हणून मी घेतला.” मी म्हणाले, “मला तर तो मुळीच आवडला नव्हता.” त्यानंतर दोन्ही टेबलांवर काय बोलले गेले, ते आम्ही प्रथमच एकमेकांना सांगितले.

तेथून आम्ही सीलोम भागात गेलो. बँकॉकचा रत्नांचा व्यापार बऱ्याच अंशी त्या परिसरात चालतो आणि त्यात भारतीय व्यापारीही पुष्कळ आहेत. अशाच एका वयस्क व्यापाऱ्याने दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून माणके पाहिली आणि एक खडा आमच्याही डोळ्यांसमोर धरला. आत बारीक बुडबुडे होते आणि खडा हलवला की निळसर चमक उठत होती. त्याने समजावले की माणिक खरे आहे, पण अगदी हलक्या प्रतीचे, तडे गेलेले आणि ते तडे शिसेयुक्त काचेने भरून पारदर्शक केलेले. हे काच भरण्याचे तंत्र २००४ च्या सुमारास बाजारात पसरले. अशी माणके विकणे हा गुन्हा नाही, मात्र ती काच भरलेली आहेत हे सांगून, त्यांच्या अल्प किमतीला विकली पाहिजेत. आमच्या प्रमाणपत्रावर ‘नैसर्गिक माणिक’ एवढेच लिहिले होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मग आम्ही पर्यटक पोलिसांच्या ११५५ या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा अधिकारी इंग्रजीत बोलला, त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि स्पष्ट सांगितले की दगड खरा असल्यामुळे हा नकली मालाचा नव्हे, तर किमतीचा वाद ठरतो. तरीही वस्तू आणि मूळ पावती हातात असतील तर ताबडतोब दुकानात जा, तेथून आम्हाला पुन्हा फोन लावा. आम्ही तसे केले. पहिला अर्धा तास विक्रेतीने आम्हाला ओळखलेच नाही. फोन तिच्या हातात दिल्यावर व्यवस्थापक बाहेर आला आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली, परत केलेल्या मालावर ३० टक्के कापण्याची अट त्याने बोट ठेवून दाखवली. आम्ही भांडलो, पण उपयोग झाला नाही. शेवटी २६,६०० बाथ कार्डावर परत आले. उरलेले ११,४०० गेलेच, शिवाय परकीय चलनाच्या व्यवहारावरचे शुल्क आणि जाताना-येताना बदललेला दर यांत आणखी थोडी भर पडली. बँकेकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलेला आहे.

एवढ्यावरून आम्ही आमच्यापुरते काही नियम केले. एखादे स्थळ उघडे आहे की बंद, हे फक्त तिकीट खिडकीवर विचारायचे. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाड्याचे काही भाग कधी बंद असतातही, पण ते राजवाड्याच्या संकेतस्थळावर पाहता येते, रस्त्यावरच्या सद्गृहस्थाकडून समजून घेण्याची गरज नसते. रत्न घ्यायचेच असेल तर त्यावर कोणती प्रक्रिया केली आहे, हे पावतीवर लिहून मागायचे आणि दुकानदार लिहून देईना तर उठायचे. आणि कोणत्याही दुकानात आम्हाला वेगवेगळे बसवले गेले, तर दोघांपैकी एकाने ‘जरा बाहेर जाऊन येऊ’ असे म्हणायचे. हे वाक्य ऐकल्यावर दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. हा शेवटचा नियम आम्ही आतापर्यंत दोनदा वापरला आहे, त्यांपैकी एकदा तो फर्निचरच्या दुकानात कामी आला.

बँकॉकमधल्या शेवटच्या सकाळी आम्ही वाट फो येथील ४६ मीटर लांबीचा निद्रिस्त बुद्ध पाहायला निघालो. स्थानकाबाहेर पडून थोडे पुढे जातो तोच तो गृहस्थ समोर आला. तोच इस्त्रीचा शर्ट, तेच ओळखपत्र. त्याने आम्हाला ओळखले नाही. माझ्या हातांवरची मेंदी तोपर्यंत फिकी झाली होती, तरी त्याची नजर प्रथम तिच्यावरच गेली. ‘नवीन लग्न?’ असे म्हणून त्याने हात जोडले आणि दिलगिरीच्या सुरात सांगितले की राजवाडा आज बंद आहे. आम्ही त्या दिवशी राजवाड्याला जातच नव्हतो.