देवराईसाठी कोणता दर्जा मागायचा: वारसा स्थळ, राखीव क्षेत्र की वनहक्क?

झऱ्याभोवतीची झाडी राखायची असं गावात ठरलं की पुढचा प्रश्न येतो: अर्ज कुठला करायचा? आधी सातबारा काढा. जमीन कुणाची हे कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

जागा लहान, पण तिथलं काही इतरत्र सापडत नाही, तर जैवविविधता वारसा स्थळ. २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३७. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेला २०२१ मध्ये हा दर्जा मिळाला. २.५९ हेक्टर, म्हणजे साधारण साडेसहा एकर. जायफळाच्या कुळातली रानटी झाडं तिथे चिखलात उभी आहेत, आणि मुळं गुडघ्यासारखी वर येऊन श्वास घेतात. दर्जा योग्यच आहे. पण तो मिळाला साडेसहा एकराला. पाणी येतं वरच्या उतारावरून. वरचा डोंगर उघडा झाला आणि उन्हाळा लांबला, तर खालच्या झाडांना अधिसूचना काय पाणी पाजणार? त्यात या झाडांचं बी मोठं, सुकलं की वाया जातं. ते लांब नेतो धनेश पक्षी, आणि त्यालाही वाटेत उतरायला मोठी झाडं लागतात.

ही वाट राखायची तर संवर्धन राखीव क्षेत्र. सरकारी जमीन, शक्यतो दोन अभयारण्यांमधली. दोडामार्गातलंच तिलारी २०२० मध्ये असं क्षेत्र झालं, २९.५३ चौरस किलोमीटर; तिथून रान गोव्याच्या म्हादई अभयारण्याकडे जातं. हवामान बदलतं तेव्हा प्राण्यांना आणि बियांना सरकायला जागा देणारा हाच पर्याय. उणीव एकच, पण मोठी: समितीत गावाची माणसं असली तरी ती फक्त सल्ला देते.

जमीन खाजगी किंवा गावाची असेल तर समुदाय राखीव क्षेत्र. इथे कारभार समितीकडेच असतो. मात्र एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. भाऊबंदांच्या सह्या घेण्याआधी हे स्पष्ट सांगा, नाहीतर नंतर भांडणं ठरलेली.

वनजमीन आणि वहिवाट गावाची असेल, तर मी सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे अख्ख्या गावाला मिळून वनावर मिळणाऱ्या हक्काच्या बाजूचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला. जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) कुठे, चराई किती, बांबू कधी तोडायचा, हे ग्रामसभा ठरवते. पाऊस दगा देऊ लागला तर पुढच्या सभेत नियम बदलता येतो. दाव्याची कागदपत्रं आणि समित्यांच्या फेऱ्या दमवतात, हेही खरं.

राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखडा (२०१७–३१) हवामान बदलाची दखल घेतो, पण तुमच्या झऱ्याची हद्द तो आखणार नाही. ती आखायला मे महिन्यात जा. झरा कुठवर जिवंत आहे ते तेव्हाच दिसतं, आणि रेघ तिथून वर, पाणलोटाच्या माथ्यापर्यंत न्या.