शेरा एका पोस्टवर, टाळं अख्ख्या पेजला: मेंबरशिप प्लॅटफॉर्म काही महिने वापरल्यानंतर

वाचक दरमहा पैसे भरून मेंबर होतात आणि पेजवरच्या पोस्ट वाचतात, असा हा प्लॅटफॉर्म. टियर (मेंबरशिपचे दर-गट), कमिशन, पेआउट हे पेज चालवणाऱ्यांना पाठच असतं, म्हणून थेट दुखण्यावर येतो. प्लॅटफॉर्म परदेशी आहे, नाव लिहीत नाही. पेज विदर्भातल्या लोकपरंपरांवरच्या चित्रकथांचं. मेंबर काही नागपूर-अमरावतीचे, काही परदेशातले.

मजकूर तपासणाऱ्या यांत्रिक फिल्टरनं धरली ती मारबतीची पोस्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, मागे बडगे, म्हणजे टोमणे मारणाऱ्या पाट्या लावलेले पुतळे असतात, शेवटी दहन होतं, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंत्राला दिसली बाईची आकृती, आग आणि भोवती ओरडणारा जमाव. शेरा पडला ‘हिंसक चित्रण’. बडग्याच्या पाटीवर पुढाऱ्याचं नाव होतं, त्यापायी दुसरा शेरा, ‘व्यक्तीला लक्ष्य करणे’. यंत्र आहे, चुकेल. तिथपर्यंत तक्रार नाही.

बोंब पुढची आहे. शेरा पोस्टवर आणि टाळं पेजला. पडताळणी चालू असेपर्यंत पेज बंद, आणि बंद पेजवरच्या मेंबरशिप सरसकट रद्द. स्थगित नव्हे, रद्द! परदेशातल्या मेंबरला पेज उघडल्यावर एक बटण दाबलं की झालं. आपल्या कार्डांचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे (कार्डावरून ठरावीक वसुलीला दिलेल्या आगाऊ परवानगीचे) नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. दरमहा वसुलीसाठी आधी ओटीपी देऊन मॅन्डेट नोंदवावा लागतो, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेंबरला सूचना जाते, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही. मेंबरशिप रद्द झाली की मॅन्डेटही गेला. मग पुन्हा कार्ड, पुन्हा ओटीपी, आणि परदेशी व्यापाऱ्याचा मॅन्डेट प्रत्येक बँक स्वीकारतेच असं नाही. १९९ रुपयांसाठी एवढा उपद्व्याप कोण करतो? अपील मंजूर झालं, पोस्ट जशीच्या तशी परत आली. परदेशातले मेंबर बहुतेक परतले, नागपूरकर फिरकले नाहीत. वाचक नाराज नव्हते. ओटीपीचा कंटाळा, बस्स.

हा रिव्ह्यू आधी एका स्टारचा होता. मग यांचे पेमेंटचे नियम कुठून येतात ते शोधलं आणि मत थोडं हललं. मास्टरकार्डनं १५ ऑक्टोबर २०२१ पासून प्रौढ मजकुरासाठी वय-ओळखीची कागदपत्रं आणि प्रकाशनाआधी तपासणी अशा अटी घातल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओन्लीफॅन्स या प्रौढ मजकुरासाठी ओळखल्या जाणाऱ्या मेंबरशिप साइटनं बँकांकडे बोट दाखवत उघड लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली, आणि आठवड्याच्या आत ती मागेही घेतली. जुलै २०२५ मध्ये इच डॉट आयओ या गेम विकणाऱ्या साइटनं पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली प्रौढ वर्गातलं सगळंच सर्चमधून काढलं; नियम मोडणारं आणि न मोडणारं, एकाच झाडूनं. मास्टरकार्डसारखं कार्ड नेटवर्क बँकेला दंड करतं, बँक तो प्रोसेसरच्या, म्हणजे पेमेंट हाताळणाऱ्या कंपनीच्या माथी मारते, प्रोसेसर प्लॅटफॉर्मच्या. दंड शेवटी आपल्या गळ्यात येणार म्हटल्यावर प्लॅटफॉर्म संशय आला की झाकतोच. मारबतीचा प्रौढ मजकुराशी काडीचा संबंध नाही, पण घाबरून लावलेली चाळणी बारीकच असते.

म्हणून दुसरा स्टार दिला. तिसरा नाही, कारण एक पोस्ट झाकून बाकी पेज चालू ठेवू नका असं कुठलंही कार्ड नेटवर्क सांगत नाही. तो यांचा स्वतःचा आळस.

शेरा पडलाच तर पोस्ट डिलीट करू नका. अपील करताना दाखवायला काही उरत नाही. तेच चित्र पुन्हा चढवू नका, दुसरा गुन्हा धरला जातो. अपील इंग्रजीत, चार-पाच ओळींचं: पोस्टची लिंक, कुठलं कलम लावलं, चित्रात प्रत्यक्षात काय आहे (‘वार्षिक मिरवणुकीतला कागद-बांबूचा पुतळा’), आणि त्या मिरवणुकीच्या वृत्तपत्रीय बातमीची लिंक. संस्कृतीवर निबंध लिहिलात तर कोणी वाचत नाही. आगीचं चित्र कव्हरला नको, आत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवा. आणि दर महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास मेंबरांच्या ईमेलची यादी (सीएसव्ही फाइल) उतरवून घ्या. पेजला टाळं लागलं की डॅशबोर्डही उघडत नाही.

जाता जाता, पेपरात व्यंगचित्रं किंवा सदर लिहिणाऱ्यांसाठी. एफसीआरए, २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वर्तमानपत्राच्या व्यंगचित्रकाराला, स्तंभलेखकाला, वार्ताहराला परदेशी देणगी घेता येत नाही. कामाचा मोबदला ही वेगळी गोष्ट. त्यामुळे टियरला ‘सपोर्ट’ किंवा ‘डोनेशन’ म्हणू नका. महिन्याला काय मिळणार ते लिहा आणि पावतीतही तेच येऊ द्या. शंका असेल तर सीएला दाखवा.

आता भारतीय मेंबरांसाठी देशी गेटवेवरून (ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीमार्फत) यूपीआय ऑटोपे लावलं आहे. मॅन्डेट मेंबरच्या ॲपमध्ये दिसतो, पिन एकदाच, आणि परदेशातल्या पेजला टाळं लागलं तरी हा चालू राहतो. गेटवेवाल्यांचीही निषिद्ध व्यवसायांची यादी असते, तेव्हा कराराची शेवटची पानं वाचूनच सही करा. पोस्टची पीडीएफ ईमेलनं पाठवावी लागते, हे काम वाढलं. परदेशी पेज बंद केलेलं नाही, डॉलर तिथूनच येतात. फक्त यंदाची मारबत तिथे टाकणार नाही. ती यूपीआयवाल्यांनाच मिळेल, बडग्याच्या पाटीसकट.