असायक्लोव्हिर की झिडोव्ह्युडिन: नेम कुणाचा अचूक?

दोन्ही विषाणूंविरुद्धची औषधं, आणि युक्तीही एकच. विषाणूच्या डीएनएच्या साखळीत खोटा मणी ओवायचा, म्हणजे पुढचा मणी जोडताच येत नाही. फरक आहे तो हा मणी कुठे तयार होतो यात.

नागिणीवर डॉक्टर देतात ते असायक्लोव्हिर तसं निष्क्रियच असतं; तीन फॉस्फेट जोडले गेले, तरच त्याचा खोटा मणी बनतो. त्याला पहिला फॉस्फेट जोडतं ते नागीण-हर्पिसच्या विषाणूचं स्वतःचं थायमिडिन कायनेज, म्हणजे फॉस्फेट जोडणारं एन्झाइम. उरलेले दोन आपल्या पेशी जोडतात. म्हणजे चोरानेच आपल्या हाताने बेडी घडवायची! निरोगी पेशीत ते जवळजवळ जागंच होत नाही. औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांच्या चमूचं हे काम मला औषधशास्त्रातलं सर्वांत देखणं वाटतं. एलियनना 1988 मध्ये नोबेल मिळालं. मात्र मज्जातंतूंत दडून बसलेल्या विषाणूपुढे औषध हतबल ठरतं. शिवाय विषाणूने ते कायनेजच गमावलं, तर बेडी घडणार कुठून?

झिडोव्ह्युडिन 1964 मध्ये कर्करोगासाठी बनलं आणि 1987 मध्ये अमेरिकेत एचआयव्हीवर मंजूर झालं. त्याचे तिन्ही फॉस्फेट आपल्याच पेशी जोडतात, त्यामुळे खोटा मणी निरोगी पेशीतही तयार होतो. भिस्त एवढीच, की विषाणूचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) तो आपल्या एन्झाइमांपेक्षा अधिक आवडीने उचलतं. तरी निरोगी पेशींनाही झळ बसतेच, म्हणूनच रक्तक्षय, अस्थिमज्जेवर परिणाम. एकटं दिलं तर विषाणू लवकर दाद देईनासा होतो. तरीही 1994 च्या चाचणीत आईकडून बाळाला होणारी लागण त्याने सुमारे दोन तृतीयांशांनी घटवली. निवडकपणात असायक्लोव्हिर सरस, पण 1987 मध्ये एचआयव्हीसमोर दुसरं होतंच काय?