रोटॅक्स ९१२ यूएलएससाठीचा फायबरग्लास एअरबॉक्स : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

ओहायोतील आमच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या झेनिथ सीएच ७५० विमानावर रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचे इंजिन आहे. पहिले शंभरएक तास मी दोन्ही बिंग कार्ब्युरेटरांवर थेट बसवलेल्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरांवरच उडालो. ही मांडणी सोपी आणि स्वस्त आहे. परंतु हे फिल्टर काऊलच्या (इंजिनावरील आवरणाच्या) आत, इंजिनाच्या मागच्या बाजूस येत असल्यामुळे इंजिनाला बाहेरची थंड हवा न मिळता सिलिंडर आणि एक्झॉस्टवरून तापून आलेली हवा मिळते. उन्हाळ्यात बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना फिल्टरपाशी लावलेला तापमापक ५५ दाखवीत असे. हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे उड्डाण घेताना, शक्तीची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी, सात-आठ टक्के हवा वाया जात होती.

म्हणून मी एका छोट्या कार्यशाळेकडून फायबरग्लासचा एअरबॉक्स, म्हणजे बाहेरची थंड हवा गाळून दोन्ही कार्ब्युरेटरांना पोचवणारी बंद पेटी, संचाच्या रूपात घेतला. कार्यशाळेचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेला मुख्य दोष मी एकाच संचात पाहिलेला आहे आणि एवढ्यावरून त्यांच्या सगळ्या मालाविषयी मत बनवणे योग्य होणार नाही. फायबरग्लासचे काम नीटनेटके आहे, कडा गुळगुळीत आहेत आणि आतून रेझिनचा एकही सुटा तुकडा हाताला लागला नाही. १,३५२ सीसीचे हे इंजिन ५,८०० आरपीएमला हिशेबाने मिनिटाला सुमारे ३,९०० लिटर हवा ओढू शकते; त्या मानाने पेटीचे आकारमान आणि फिल्टरचे क्षेत्रफळ पुरेसे आहे. कार्ब्युरेटरखालचे ड्रिप ट्रे (गळलेले पेट्रोल झेलणाऱ्या ताटल्या) काढावे लागत नाहीत, हेही मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यांच्या खालीच एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्या असतात.

खरी अडचण व्हेंट नळ्यांची निघाली. फ्लोट बाऊलमधील (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतील) पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, वर चढते ते बाऊलमधील दाब आणि कार्ब्युरेटरच्या घशातील दाब यांच्यातील फरकामुळे. त्यामुळे बाऊलला मिळणारा दाब आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेला दाब एकच असला पाहिजे, आणि त्यासाठीच बाऊलच्या व्हेंट नळ्या, म्हणजे बाऊलला हवेचा दाब पोचवणाऱ्या नळ्या, एअरबॉक्सला जोडतात. ताशी १६० किलोमीटर वेगाने समोरून येणारी हवा पूर्ण अडवली, तर समुद्रसपाटीजवळ तिचा दाब सुमारे १२ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. आकडा लहान दिसतो. पण हा दाब पेटीत असेल आणि बाऊलला मात्र काऊलमधला कमी दाब मिळत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापू लागते. उलट, फिल्टर धुळीने कोंदला आणि बाऊलला बाहेरचाच दाब मिळत राहिला, तर मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते.

माझ्या संचात दोन्ही नळ्या पेटीलाच जोडलेल्या होत्या. पण डाव्या कार्ब्युरेटरच्या नळीचे तोंड आत येणाऱ्या झोताच्या बरोबर समोर होते आणि उजव्या नळीचे कोपऱ्यात. जमिनीवर इंजिन निर्दोष चालले. हवेत मात्र वेग वाढला की डाव्या बाजूचे एक्झॉस्टचे तापमान उजवीपेक्षा स्पष्टपणे कमी दिसू लागे, म्हणजे तिथले मिश्रण घट्ट होत होते. दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे उघडतील असे दोनदा जुळवूनही (सिंक्रोनाइज करूनही) फरक पडला नाही. शेवटी पारदर्शक प्लास्टिक नळीचा यू आकार करून, त्यात रंगीत पाणी भरून, तो लाकडी फळीवर बांधला, त्याची दोन टोके दोन्ही व्हेंटच्या तोंडांपाशी जोडली आणि शेजारच्या आसनावर बसलेल्या मित्राला उड्डाणात फळीवरची पट्टी वाचायला सांगितले. पाणी दोन बाजूंना सारखे राहायला हवे होते. ते तीन सेंटिमीटर वर-खाली झाले. डावे भोक बुजवून नवे तोंड शांत कोपऱ्यात काढले आणि त्यानंतर दोन्ही बाजूंची तापमाने जवळजवळ जुळली. कार्यशाळेला फोटो पाठवले. त्यांनी दखल घेतली, मात्र उत्तर यायला पाच आठवडे लागले.

दुसरा मुद्दा बर्फाचा. जुन्या मांडणीतील गरम हवा शक्ती खात असली, तरी तीच कार्ब्युरेटरला बर्फापासून वाचवत होती. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आतले तापमान २० अंशांहूनही अधिक उतरू शकते, त्यामुळे बाहेर सुखद हवा असतानाही दमट सकाळी बर्फ धरतो. थंड हवेचा एअरबॉक्स लावल्यावर गरम हवेची झडप अत्यावश्यक ठरते. संचातील झडप काऊलमधली हवा घेते आणि तेवढ्याने मला १५ अंशांचीच वाढ मिळाली. साध्या व्हेंच्युरी (मध्ये अरुंद घसा असलेल्या) कार्ब्युरेटरच्या प्रमाणित विमानांसाठी अमेरिकेतील नियमाने पूर्वी ५० अंशांची वाढ मागितलेली होती. घरगुती बांधणीच्या विमानाला तो नियम बंधनकारक नव्हता, पण बर्फ विमानाची नोंदणी पाहून धरत नाही. मी मफलरभोवती पत्र्याचे वेष्टन करून झडपेला तिथली हवा दिली. आता वाढ ३० अंशांच्या आसपास आहे आणि ती मला अजूनही अपुरी वाटते.

झडपेची बिजागरी पॉप रिव्हेटने (आतला खिळा ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटने) बसवलेली आली होती. फिल्टरच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या बाजूला, पॉप रिव्हेट मला मान्य नाहीत, कारण त्यांच्या आत उरलेले खिळ्याचे टोक सैल झाले तर ते थेट इंजिनात जाते. मी ते सगळे काढून भरीव रिव्हेट ठोकले. पेटीला आधार देणारा ब्रॅकेटही संचात नाही. पेटीचे वजन कार्ब्युरेटरांवर लटकत ठेवले, तर त्यांना इंजिनाशी जोडणारे रबरी फ्लँज चिरतात. म्हणून इंजिनालाच धरणारा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट स्वतः बनवावा लागला.

एवढे करून झाल्यावर मात्र पेटीने काम चोख केले आहे. उन्हाळ्यात चढण्याचा वेग पूर्वीपेक्षा चांगला मिळतो आणि दीड वर्षात फायबरग्लासला एकही तडा गेलेला नाही. रिव्हेट, ब्रॅकेट आणि वेष्टन यांसाठी वीस-पंचवीस तास देण्याची तयारी असेल, तर हा संच घेण्यासारखा आहे. पेटी आणून सरळ बसवायची आणि उडायचे असेल, तर रोटॅक्सचा स्वतःचा एअरबॉक्स महाग असूनही तोच घ्यावा. हा संच घेतलाच, तर क्लॅम्प आवळण्यापूर्वी आत टॉर्च टाकून दोन्ही व्हेंटची तोंडे कुठे उघडतात ते पाहून घ्यावे.